एकटीचा दुसरा ठिपका

दातांच्या डॉक्टरांना दोन बायका आहेत, असं त्यांची लग्नाची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पहिली ती स्वतः. दुसरी राहायची गावाबाहेरच्या टेकडीमागे, जंगलातल्या एका थंडगार खोलगटात. वर्षातून आठवडाभर तोंड दाखवायची आणि पुन्हा जमिनीत गडप व्हायची. नव्या पेशंटला हे ऐकून कुठे बघावं ते कळायचं नाही. जुने नुसते हसायचे, कारण बाईंची सवत म्हणजे एक फूल आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

फूल म्हणजे ऑर्किड. पण दुकानात कुंडीत मिरवतं तसलं नटवं नव्हे. ह्या बयेला पान नाही, अंगाला हिरवा रंग नाही, उन्हाशी तिचं काही देणंघेणंच नाही. मोठ्या झाडांच्या मुळांशी बुरशीचं जाळं पसरलेलं असतं, त्या जाळ्याकडून ती आपलं खाणंपिणं परस्पर वसूल करते आणि वर्षभर अंधारात निवांत पडून असते. मग एक दिवस कुजक्या पानांतून वीतभर काडी वर येते, कमी दुधाच्या चहाच्या रंगाची, आणि काडीला पाचसहा फुलं. पाचोळ्यात इतकी मिसळलेली, की माणूस शेजारून गेला तरी पत्ता लागू नये. पण गुडघे टेकून, मान वाकडी करून जवळून बघावं, तर फुलाच्या खालच्या पाकळीवर, जिला ह्या विषयातली मंडळी ओठ म्हणतात, तिथे जांभळ्या रेषा. इतक्या बारीक आणि इतक्या नेटक्या, की बघणारा आपोआप गप्प होतो. एवढं नक्षीकाम आणि ते ठेवलंय कुठे, तर पाचोळ्यात.

सुनेला हे सगळं तोंडपाठ होतं. ती स्वतःही दातांची डॉक्टर. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले थोडेच महिने घरी. त्यामुळे खाली दवाखाना आणि वर घर, ह्या जिन्याच्या दोन टोकांमध्ये ती आणि सासूसासरे असा संसार चालायचा. सासऱ्यांचे गुडघे गेले होते, हात मात्र अजून एकदम स्थिर. सकाळचे पेशंट ते बघायचे, बाकीचे ती. आणि सासऱ्यांवर तिचा जीव होता, उगाच नाही. रडून गोंधळ घालणाऱ्या माणसालासुद्धा ते गप्पांत असं गुंतवायचे, की दात ताटलीत पडल्याचा आवाज आला तेव्हाच त्याला कळायचं. घाई नावाची गोष्ट त्या माणसाला माहीतच नव्हती.

त्या फुलाच्या बाबतीतही तसंच झालेलं. डॉक्टर तरुण असताना त्यांना टेकडीमागच्या खोलगटात एका झाडाखाली हा एकच झुपका दिसला. जाणकारांनी तो लांबूनच निकालात काढला. म्हणाले, अहो, ही जंगलातली नेहमीचीच, रंग जरा उडालाय इतकंच. डॉक्टरांचं समाधान होईना. त्यांनी दवाखान्यातला तोंडात घालायचा लांब दांड्याचा आरसा नेला, काडीला धक्का न लावता फुलाच्या ओठाखाली सरकवला आणि बघत बसले. नेहमीच्या जातीला ओठामागे शेपटीसारखी नळी असते. हिला नळीच नव्हती. तिथे दोन इवले उंचवटे होते, हिरडीतून नुकतीच वर येणारी दाढ असते तसे. पुढे कित्येक वर्षं ते दर हंगामात जाऊन तेच बघत राहिले आणि खात्री पटल्यावर त्यांनी लेख लिहिला. नवी जात. नाव लॅटिनमध्ये ठेवावं लागतं, त्यांनी ठेवलं, आणि त्याचा अर्थ होतो 'एकटी'. कारण ती तिथेच होती, त्या एका झाडाखाली, आणि कुठेच नव्हती.

घोडं तिथंच पेंड खात होतं. वनस्पतींच्या मोठ्या ग्रंथात प्रत्येक जातीशेजारी ती कुठेकुठे सापडते त्याचा छोटा नकाशा असतो. नेहमीच्या ऑर्किडचा नकाशा ठिपक्यांनी भरलेला. 'एकटी'च्या नकाशात एकच ठिपका, एखाद्यानं चुकून पेन टेकवल्यासारखा.

ग्रंथाची नवी आवृत्ती निघायची होती. संपादकबाईंचा फोन आला तेव्हा सासरे आणि सून दोघंही दवाखान्यात होते, म्हणून फोन स्पीकरवर. बाई भल्या होत्या, डॉक्टरांना मानणाऱ्या होत्या.

"डॉक्टर, स्पष्ट बोलते, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत एकच झुपका. आमची माणसं तुमचा लेख खिशात घालून कुठेकुठे हिंडून आली. एका जागच्या एका झुपक्याला जात म्हणायचं की नेहमीच्या जातीतलं व्यंग म्हणायचं, असं आमचं संपादक मंडळ विचारतंय. ह्या हंगामात दुसरी जागा सापडली तर ठीक. नाहीतर तुम्ही ठेवलेलं नाव नेहमीच्या जातीखाली बारीक अक्षरात टाकावं लागेल."

"बरोबर आहे तुमचं," डॉक्टर म्हणाले. "मी संपादक असतो तर हेच केलं असतं."

फोन ठेवून त्यांनी तो लांब दांड्याचा आरसा घेतला आणि पुसायला लागले. तो आधीच पुसलेला होता. सुनेचं डोकं फिरलं.

"बारीक अक्षरात म्हणे. तुम्ही भांडला का नाहीत, बाबा?"

"भांडून फूल उगवतं का?" ते म्हणाले. मग हसले. "गंमत बघ. 'एकटी' हे नाव वाचवायचं तर तिला सोबत शोधून काढायला हवी."

"आणि सापडली सोबत, तर नाव खोटं पडणार."

"पडू दे. खोटं पडलं तरी बदलता येत नाही. पहिलं छापलेलं नाव कायम, असा नियमच आहे. सहा फुटी माणसाला घरचे बाळ्या म्हणतातच की."

बोलले हसून, पण त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत, आणि सासूबाईंनी सवतीवरून एकही टोमणा मारला नाही. म्हणजे प्रकरण गंभीर होतं. सुनेला सारखं एकच वाटत राहिलं. ह्या माणसानं आयुष्यात मोठेपणा म्हणून काही मिरवला नाही, एक नाव ठेवलं, आणि तेही आता बारीक अक्षरात जाणार. त्यात दुसरी जागा शोधायची तरी कुठे? आसपासचं असं एक जंगल राहिलं नव्हतं जिथे सासरे जाऊन आले नव्हते. दरवर्षी खोलगटात 'एकटी' फुलली की ते दिवसच्या दिवस तिच्यापाशी बसायचे, काड्या मोजायचे, फुलं उघडताना आणि मिटताना बघायचे. मग उठून बाकीची जंगलं धुंडायला निघायचे आणि हात हलवत परत यायचे.

ह्या वर्षीच्या फुलांना अजून अवकाश होता. एका दुपारी बँकेतले कॅशियर खुर्चीत आडवे होते, तोंड उघडं, गालात कापूस. सुनेनं दाढ कोरून घेतली होती, आता भरायची, एवढ्यात तिच्या आईचा फोन. माहेर तिचं खाली, घाट उतरून दीडएक तासावर, नदीकाठी. मदतनीस बाईंनी फोन स्पीकरवर टाकून ट्रेशेजारी ठेवला.

"आई, पेशंट आहे गं."

"असू दे, तू काम कर, मी बोलते," आई म्हणाली, आणि बोलत सुटली. शेजाऱ्यांची भिंत, मामाची कंबर, असं करत गाडी अंगणातल्या डाळिंबावर आली. "बहर केव्हाच संपला बघ. आता बोराएवढी फळं धरलीत. तुझ्या दारातलं कसं आहे? मीच दिलेलं रोप ते."

"अजून कळ्याच आहेत."

"कळ्या? तुमच्याकडे मेलं सगळंच उशिरा."

सुनेचा हात हवेत थांबला. कॅशियर दिव्याकडे बघत होते, त्यांनी डोळे तिरके करून तिच्याकडे बघितलं आणि "आँ?" असा आवाज काढला.

"आई, मी नंतर करते," ती म्हणाली. दाढ मात्र तिनं नीट भरली, तेवढी ती सासऱ्यांची सून होतीच. कॅशियरना काय खायचं नाही ते सांगितलं आणि दोनदोन पायऱ्या टाकत वर गेली.

वर सासरे गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसले होते. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"बाबा, ती खाली लवकर फुलत असेल तर?"

"कोण?"

"सवत."

सासूबाईंनी मान वर केली. सुनेनं एका दमात सगळं सांगून टाकलं. एकाच रोपाचं डाळिंब, खाली फळं आणि वर कळ्या. टेकडीमागचा खोलगट तर गावापेक्षाही गार. म्हणजे आसपासच्या सगळ्या जंगलांत जर 'एकटी' असेलच, तर सगळ्यांत उशिरा ती खोलगटात फुलणार. आणि बाबा दरवर्षी खोलगटातली फुलं पुरती बघून झाल्यावरच बाहेर पडणार.

डॉक्टर बोटांवर महिने मोजायला लागले. पिशवी गुडघ्यावरून घसरली, ती त्यांनी उचलली नाही.

"लेखात फुलण्याची तारीखही मीच छापली," शेवटी ते म्हणाले. "लोक लेख खिशात घालून त्याच तारखेला हिंडले. मी चुकलो आणि सगळ्यांना बरोबर घेऊन चुकलो. पान नाही, खोड नाही. फूल सुकून गेलं की तिथे काही होतं हे कळायला मार्गच नाही."

"म्हणजे अहो," सासूबाई म्हणाल्या, "जन्मभर तुम्ही लग्न लागून गेल्यावर पोचत होतात."

डॉक्टर आधी बायकोकडे बघत राहिले आणि मग इतके हसले, की त्यांना चष्मा काढावा लागला.

रविवारी दवाखाना बंद. सकाळीच गाडी काढली. सासरे पुढे बसले, मांडीवर घडीची खुर्ची आणि पिशवी. पिशवीत आरसा, कपाळाला बांधायचा दवाखान्यातला दिवा, आणि नमुना दाबायच्या दोन फळ्या, मधे जुने पेपर. सासूबाई मागे चढल्या, विणकाम घेऊन.

"मी गाडीतच बसणार आहे, आधीच सांगते. सवतीला शोधत रानात हिंडण्याइतकं माझं डोकं अजून फिरलेलं नाही."

"मग येताय कशाला, आई?" सुनेनं विचारलं.

"घरी बसून छत बघायचं, ते गाडीचं बघेन."

माहेरच्या नदीपलीकडचं जंगल सुनेच्या ओळखीचं. शाळेच्या सहली यायच्या इथे. उंच झाडं, खाली गच्च सावली, घोट्यापर्यंत पाचोळा. सासऱ्यांनी खुर्ची मांडून बसायची जागा धरली आणि ती त्यांच्याभोवती गोल गोल फिरत शोधायला लागली. ते दर थोड्या वेळानं उठून खुर्ची पुढे सरकवायचे आणि तिचं चुकलं की सांगायचे.

"वरून बघू नकोस. दाढ वरून बघून कधी कळली आहे का? आडवं बघ."

ती वाकली, बसली, रांगली. काड्या हजार होत्या, सगळ्या झाडांच्याच. सकाळ सरली. हळूहळू तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली. इथलाही बहर संपला असला तर? की मुळात इथे काही नव्हतंच, आणि आपण एका डाळिंबाच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसाच्या मनात आशा पेरली? सासऱ्यांचा चेहरा तिला वाचता यायचा. फोन ठेवून आरसा पुसताना होता तोच.

मग ते खुर्चीवरून उतरले. आधी एक गुडघा, मग दुसरा, आणि मग सरळ पोटावर आडवे झाले. गाल पाचोळ्याला टेकवला.

"बाबा, अहो, उठणार कसे?"

"उठायचं नंतर बघू."

त्यांनी कपाळावरचा दिवा लावला. उजेड जमिनीला चाटत पार लांबपर्यंत गेला. ते तसेच पडून राहिले, हलेनात, बोलेनात.

"बाबा?"

"श्श. मोजतोय."

तीही त्यांच्या शेजारी आडवी झाली आणि तिनं बघितलं. वरून नुसता पाचोळा होता तो. पण ह्या आडव्या उजेडात प्रत्येक काडीमागे तिची सावली उभी राहिली होती, आणि पडलेल्या काटक्यांमधून सरळ ताठ उभ्या असलेल्या काड्या वेगळ्या दिसत होत्या. चहाच्या रंगाच्या. इथे चार, तिथे दहा, त्या झाडाच्या बुंध्याला वेढा घालून, त्याच्या पलीकडे, आणि त्याच्याही पलीकडे. खालची फुलं सुकली होती, शेंड्याची अजून उघडी होती. आणखी आठवडाभर उशीर केला असता तर काही उरलं नसतं.

"मोजणं सोडा आता," ती म्हणाली.

सासऱ्यांनी आरसा तिच्या हातात दिला. "तू बघ आणि सांग. माझे डोळे आत्ता कामाचे नाहीत."

तिनं आरसा ओठाखाली सरकवला. आरशात जांभळ्या रेषा उलट्या उमटल्या, आणि त्यांच्यामागे ते दोन उंचवटे, जुळ्या दाढांसारखे. "नळी नाही," ती दवाखान्यात सांगते तसं सांगत गेली. "उंचवटे दोन. दोन्ही सारखे. स्वच्छ." दुसरं फूल बघितलं, तिसरं बघितलं. सगळीकडे तेच. तिला वाटलं, काय माणूस आहे हा. एका झुपक्यावरून, सगळे नाही म्हणत असताना, त्यानं हे ओळखलं आणि जन्मभर त्या ओळखीला धरून बसला. आणि ही चिमुकली बाई, ना पान ना ऊन, इथे जंगलभर नांदत होती, कुणी बघो न बघो.

ती गाडीकडे पळत गेली. सासूबाई कुरकुरत, विणकामाच्या सुया हातातच धरून आल्या. नवरा पाचोळ्यात बसलेला, शर्टाला माती, केसांत पानं. त्यानं बोट दाखवलं तिकडे त्या वाकल्या.

"एवढीशी?"

"एवढीच."

"हिच्यापायी?"

डॉक्टरांनी सुनेकडून आरसा घेऊन पुढे केला. कसा धरायचा ते दाखवलं. सासूबाई त्यांच्याजवळ खाली बसल्या, आरसा फुलाखाली धरला आणि बघत राहिल्या.

"मेली आहे मात्र सुंदर," त्या म्हणाल्या. मग मान वर करून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. "आणि ह्या? ह्या सगळ्या तीच?"

"सगळ्या तीच."

"आणि तुम्ही नाव ठेवलंत 'एकटी'."

"चुकलंच ते," डॉक्टर म्हणाले.

"चुकलं कसं? होती की एक जण एकटी. दरवर्षी, हिच्या फुलांच्या दिवसांत. घरी."

रागानं नाही म्हणाल्या. इस्त्री बंद केली का विचारावं, तशा सुरात म्हणाल्या. सुनेला वाटलं, आपणही आत्ताच्या आत्ता जमिनीत गडप व्हावं.

"तू कधी आली नाहीस," डॉक्टर हळूच म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्यांनी कपाळावरचा दिवा सोडून हातात घेतला आणि बायकोकडे बघितलं. "नाही विचारलं," ते म्हणाले. एवढ्या बारकाईनं बघणारा माणूस, आणि त्यानं हे लपवलं नाही. सुनेला तेव्हा तो आणखीच आवडला.

थोड्या वेळानं त्यांनी पिशवीतून फळ्या काढल्या. "संपादकबाईंना एक नमुना पाठवावा लागेल," ते म्हणाले. खोलगटातून त्यांनी पहिल्या लेखासाठी एकच काडी काढली होती, त्यानंतर कधी हात लावला नव्हता. इथे एखादी गेली तर जंगलाला कळणारही नव्हतं. "तू काढ."

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "मला काय येतंय त्यातलं?"

"जो काढतो त्याचं नाव चिठ्ठीवर लागतं. नियम आहे."

नियम एवढाच होता, की काढणाऱ्याचं नाव लिहायचं. कुणी काढायचं ह्याचा काही नियम नव्हता. सुनेला ते माहीत होतं, म्हणून ती तोंड मिटून गप्प बसली. सासूबाईंनी विणकामाच्या सुईनं बुंध्याजवळची माती सैल केली, काडी अलगद वर घेतली आणि पेपरावर निजवली. दुमडलेली पाकळी सुईच्या टोकानं सरळ केली. मग दोन्ही फळ्या आवळल्या.

डॉक्टरांनी मांडीवर चिठ्ठी घेतली. लॅटिन नाव लिहिलं, जंगल लिहिलं, झाड लिहिलं, तारीख लिहिली. 'नमुना कुणी काढला' असं लिहून तिथे पेन थोडं थांबलं. मग त्यांनी बायकोचं नाव लिहिलं. आधी लग्नापूर्वीचं, पूर्ण, आणि मग आताचं.

सासूबाई त्यांच्या खांद्यावरून वाचत होत्या. ते पहिलं नाव घरात कुणी कधी उच्चारलेलं सुनेनं ऐकलं नव्हतं.

"हे तुमच्या लक्षात आहे?" त्यांनी विचारलं.

"तेच तर पहिल्यांदा कानावर पडलं होतं," डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंनी पदराचं टोक घेऊन नवऱ्याच्या गालाची माती पुसली, जरा जोरातच पुसली. मग त्यांना उभं करायचं एक काम होतं, ते दोघींनी दोन बाजूंनी धरून केलं.

नमुना पोचला. संपादकबाईंनी भिंगाखाली घातला आणि त्याच दिवशी फोन केला. 'एकटी' मोठ्या अक्षरात राहिली, नाव खोटं पडलं तरी कायम राहिलं. पुढे ग्रंथ छापून आला तो आता दवाखान्यात पेशंट बसतात तिथल्या टेबलावर असतो. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला बरोबर ते पान उघडून दाखवतात. नकाशात ठिपके दोन.

"हा वरचा ह्यांचा," त्या सांगतात. "हा खालचा माझा. आणि ह्या वर्षी तिसरा बघायला जायचंय. फुलं यायच्या आधीच विचारलंय त्यांनी."